दाजींना गोड वाढू नका

माझा स्वभाव तापट आहे, ते मला मान्य आहे. चौथीच्या पोरांना भागाकार शिकवून शिकवून माणूस दुसरं काय होणार? पण तापट माणसाच्या नशिबी आमच्या दाजींसारखं माणूस तरी यायला नको होतं. दाजी म्हणजे आकाराम, माझ्या थोरल्या बहिणीचे, शालूआक्काचे यजमान. या भल्या माणसाला आयुष्यात एक शब्द कधी उच्चारता आला नाही. तो शब्द म्हणजे ‘नको’.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका गुळाच्या अडत दुकानात ते तोलाईला होते. गुळाची ढेप, तिला तिकडे रवा म्हणतात, असे दोन रवे ते दोन्ही खाकांत धरून काट्यावर चढवायचे आणि वर गप्पा मारत राहायचे. खाणंही तसंच होतं. आमच्याकडे मटण असलं की आई दाजींचं पातेलं वेगळं काढून ठेवायची. कुणी म्हणालं, आकाराम, अजून एक भाकरी, की यांचं ताट पुढं. पोटात आग पडायला लागली तेव्हाही वाढणाऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणून ते खातच राहिले. वर सोडा पिऊन ढेकर देत आणि म्हणत, “काय न्हाय वो मास्तर, जरा वायू हाय.”

तो वायू नव्हता, अल्सर होता. त्र्याहत्तर साली रक्ताची उलटी झाली आणि मिरजेला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. पोटाचा अर्ध्याहून जास्त भाग काढून टाकला. जीव वाचला. पण बैलासारखा गडी घरी आला तो काठीला सदरा अडकवल्यासारखा.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी मला आणि आक्काला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. भाकरी, डाळ, उसळ, अंडं, दही. जेवताना पाणी प्यायचं नाही, ते नंतर. रक्त वाढायच्या गोळ्या आणि महिन्याला एक इंजेक्शन चुकवायचं नाही. आणि गोड बंद. चहातली साखरसुद्धा बंद.

“डायबेटीस झाला काय?” मी विचारलं.

“नाही, उलटं आहे,” डॉक्टर म्हणाले. “पोटाला खालच्या अंगाला दार असतं. अन्न थोडं थोडं पुढं सोडायचं ते त्याचं काम. ते दार आता राहिलेलं नाही. गोड खाल्लं की ते एकदम आतड्यात घसरणार आणि रक्तात साखर एकदम चढणार. मग शरीर घाबरून ती उतरवायला धावतं आणि गरजेपेक्षा जास्त उतरवतं. तास-दोन तासांनी घाम येईल, हातपाय कापतील, माणूस बरळेल. तेव्हा तेवढ्यापुरती चिमूटभर साखर द्या आणि लगेच भाकरी खाऊ घाला. पण मुळात गोड देऊ नका.”

साखर खाल्ली की साखर उतरते. एवढीच गोष्ट. मला ती एका बैठकीत कळली, आक्काला कळली, दहावीतून शाळा सोडलेल्या मालनला, दाजींच्या एकुलत्या एका लेकीलाही कळली. बाकी कोल्हापुरात ती कुणाच्याही डोक्यात शिरली नाही. मी खडू घेऊन फळ्यावर काढून दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं.

पहिला नंबर इमामभाईचा. अडत दुकानाच्या दारात त्याची चहाची गाडी. माणूस सोन्यासारखा, दाजींवर सख्ख्या भावासारखा जीव. आणि त्या जिवापोटीच तो दाजींच्या कपात साखरेचा एक चमचा जास्त टाकायचा. मी जाऊन सांगितलं, दाजींना साखर देऊ नकोस.

“डायबेटीस हाय काय, मास्तर?”

“न्हाय रे. ह्यांची साखर कमी हुतीया.”

“कमी हुतीया? मग घालायला नको व्हय?”

“घातली की अजून कमी हुतीया.”

इमामभाईनं माझ्यापुढंच एक कप ठेवला. “तुमी घ्या, मास्तर. उन्हातनं आलाय.”

आता यात दाजींनी काय करावं? एवढंच म्हणावं की बाबा, बिनसाखरेचा दे. पण नाही. कप हातात घ्यायचे, माझ्याकडं चोरून बघायचे आणि प्यायचे. वर बाजारात रोज लिलाव. व्यापारी ढेप फोडणार, खडा जिभेवर ठेवणार आणि दुसरा खडा दाजींच्या हातात देणार, “आकाराम, बघ की रं कसा हाय.” दाजींनी चाखून सांगितलेला गूळ म्हणजे वीस वर्षांचा विश्वास. तो खडाही पोटात. आक्का घरून डब्यात अर्धी भाकरी, भाजलेले शेंगदाणे आणि उकडलेलं अंडं द्यायची, ते तसंच परत यायचं. लोकांपुढं एकट्यानं डबा उघडून खायला यांना लाज वाटायची. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही.

मग व्हायचं तेच झालं. दुपारी काट्यापाशी उभे असताना दाजींना दरदरून घाम फुटला, पाय लटपटले, वजन सांगताना जीभ अडखळली. इमामभाई धावत आला आणि त्यानं साखरेचं पाणी पाजलं. दाजी उठून बसले. “बघा मास्तर,” इमामभाई मला संध्याकाळी म्हणाला, “साखरंनंच उठलं की.” मी त्याला समजावत बसलो तोवर तिकडे त्याच साखरपाण्यानं दाजी पुन्हा आडवे झाले होते. माझ्या संतापाला पारावारच उरला नाही. पालथ्या घड्यावर निदान पाणी तरी दिसतं.

असं महिन्यातून चार-पाच वेळा व्हायला लागलं. आणि भर दुपारी लटपटणारा, बरळणारा, घामाघूम माणूस बघून बाजार काय म्हणणार? बाजार म्हणाला, आकाराम प्यायला लागला. ज्यानं शिमग्यालासुद्धा कधी बाटलीला तोंड लावलं नाही त्याच्याबद्दल हे. अडत्यानं त्यांना काट्यावरून काढून गोणपाटं मोजायला बसवलं. दाजी तिथंही ‘बरं’ म्हणून बसले. मला त्या दिवशी इतका राग आला की मी घरी जाऊन जेवलोच नाही.

पण खरा घोर वेगळाच होता. मालनचं लग्न ठरत आलं होतं. पेठ वडगावचे गणपतराव, शेतीवाडी, चार म्हशी, मुलगा दूध संघात नोकरीला. माणसं खानदानी, पण व्यसनाचं नाव काढलं की उठून जाणारी. गणपतरावांचा धाकटा भाऊ दारूनं गेलेला होता. आणि शाहूपुरीत जे दुपारी बोललं जातं ते वडगावच्या बाजारात सोमवारी पोचतं. साखरपुड्याच्या आठवडाभर आधी गणपतरावांनी निरोप्याजवळ नुसतं विचारलं होतं, “पावण्यांची तब्येत कशी हाय?” आम्ही काय ते समजलो. हे लग्न मोडलं असतं तर ‘दारूबाजाची पोर’ हा शिक्का मालनच्या कपाळी कायमचा बसला असता.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी दाजींना समोर बसवलं. “उद्या कुणी कायबी तोंडात घालूदे, न्हाय म्हणायचं.”

“पेढा बी?”

“पेढाच तर न्हाय खायचा, दाजी.”

“आवो पण पिणाऱ्याला गोड चालत न्हाय म्हंत्यात. मी पेढा न्हाय घेतला तर गणपतराव म्हणणार, बघा, पितोय ह्यो.”

आणि हे खरं होतं. आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं की दारूबाज गोडाला हात लावत नाही. पेढा नाकारला तर दारुड्या, आणि खाल्ला तर तासाभरानं सगळ्यांसमोर झोकांड्या, म्हणजे तरीही दारुड्या. इकडे आड, तिकडे विहीर.

आक्का चुलीपाशी होती. तिथूनच मला म्हणाली, “केरबा, सरळ सांगूया की साखर हाय, डायबेटीस हाय म्हणून. लोकान्ला त्ये कळतंय.”

“खोटं का सांगायचं? ह्यांचा आजार बरोबर उलटा हाय. मी सांगतो गणपतरावांना समजावून.”

“तू दोन वर्सं सगळ्या गावाला समजावतोयस,” आक्का म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

साखरपुडा घरातच होता. दोन खोल्या माणसांनी भरल्या. मालनला हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, साखरेचा पुडा पाटावर ठेवला. मी गणपतरावांच्या कानाशी लागणार तोच त्यांनी पेढा उचलला आणि थेट दाजींच्या तोंडाशी नेला. त्यांचे डोळे दाजींच्या तोंडावर होते. सगळ्यांचेच होते. दाजींनी तोंड उघडलं. एक पेढा गणपतरावांचा, एक त्यांच्या भावकीचा, एक मुलाच्या मामाचा. मग मसाल्याचं दूध. मी भिंतीला टेकून बघत राहिलो. मला त्या पेढ्यांचा, दुधाचा आणि मुख्य म्हणजे दाजींच्या त्या उघडणाऱ्या तोंडाचा भयंकर राग येत होता.

जेवणाआधी लग्नाची तारीख काढायला मंडळी बसली. दाजींच्या कपाळावर घाम दिसला तेव्हाच मी आक्काला खूण केली, पण आतल्या खोलीची वाट बायकांनी अडवलेली. गणपतराव म्हणाले, “मग पावणं, वैशाखात धरूया न्हवं?”

दाजींनी त्यांच्याकडं टक लावून बघितलं. गणपतराव अंगानं गोल, रंगानं गुळासारखे आणि उकाड्यानं चिंब झालेले.

“ह्यो रवा वला हाय,” दाजी जड जिभेनं म्हणाले. “बाजूला काढा.”

दाजी उठायला गेले आणि कलंडले. गणपतरावांनी शांतपणे टोपी उचलली आणि उभे राहिले.

“मास्तर, आमी ऐकलं त्ये खोटं न्हाय म्हणायचं.”

मी उठून त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिलो. तेवढ्यात मालन बायकांतून वाट काढत बाहेर आली. ठरल्या लग्नाच्या पोरीनं असं सासऱ्यापुढं यायचं नसतं, पण ती आली. पाटावरचा साखरेचा पुडा तिनं फोडला, चिमूटभर साखर बापाच्या जिभेवर ठेवली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मग गणपतरावांकडं वर बघून, आमच्याकडं सासऱ्याला हाक मारतात तशी, म्हणाली, “मामा, हिकडं या. वास घ्या.”

“काय म्हणतीस?”

“माझ्या बाच्या तोंडाचा वास घ्या. आन् मग जावा.”

गणपतराव गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. दाजींच्या तोंडाशी नाक नेलं. पुन्हा एकदा हुंगलं.

“वेलदोडा हाय,” ते म्हणाले.

“तुमच्याच पेढ्याचा हाय त्यो,” मालन म्हणाली.

आक्का भाकरी आणि अंडं घेऊन आली होती. दाजींनी चार घास खाल्ले, घाम ओसरला, डोळे ठिकाणावर आले. गणपतरावांना बघून ते ओशाळून म्हणाले, “बसा की पावणं, उबं का?” गणपतराव बसले. टोपी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडं वळले. “मास्तर, ह्ये काय हाय त्ये सांगा.”

मी सांगितलं. पोटाचं दार, साखरेचं चढणं, शरीराचं घाबरणं, साखरेचं उतरणं, सगळं. इतकं नीट मी आयुष्यात कधी काही शिकवलं नसेल. गणपतराव मान डोलवत ऐकत होते. शेवटी त्यांच्या तोंडावर उजेड पडला.

“म्हंजी साखर हाय म्हणा की.”

“न्हाय, न्हाय. साखर कमी—”

“आमच्या थोरल्या मामान्ला बी हाय. त्ये बी आसंच पडत्यात. आदी सांगायचं न्हाय व्हय? मी आपल्या हातानं पेढा चारला की वो.” त्यांचे डोळे भरून आले होते.

“व्हय, साखरच हाय,” दारातून आक्का ठणठणीत आवाजात म्हणाली आणि माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बसलो.

वैशाखात लग्न झालं. गणपतरावांनी आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं, आमच्या व्याह्यांना साखर हाय. इमामभाई मांडवात मला बाजूला घेऊन म्हणाला, “एवढी साधी गोष्ट, मास्तर, मला न्हाय सांगायची? दोन वर्सं त्येला जहर पाजलं की मी.” त्या दिवसापासून त्याच्या गाडीवर दाजींचा चहा बिनसाखरेचा झाला. अडत्यानं त्यांना परत काट्यावर घेतलं.

पंगत बसली. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन आला आणि दाजींपाशी थांबला. दाजींनी पहिल्यांदाच, माझ्या देखत, पत्रावळीवर हात आडवा धरला. “नको,” ते म्हणाले. “मला साखर हाय.” वाढपी पुढं गेला. दाजींनी डबा उघडला आणि सगळ्यांसमोर अर्धी भाकरी उसळीशी निवांत खाल्ली. चेहऱ्यावर एवढं समाधान मी ऑपरेशननंतर कधी बघितलं नव्हतं.

माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. शेजारचा पाहुणा कळवळून म्हणाला, “लई वाईट रोग, डायबेटीस.” मी त्याच्याकडं वळलो. “ऐका,” मी म्हणालो, “डायबेटीस न्हाय तो, त्याच्या बरोबर उलटं—”

वाढायला फिरणारी आक्का मागं कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिनं ताटातली एक आख्खी जिलेबी उचलली आणि माझ्या तोंडात कोंबली.