बांधावरचे लावे
बाळांनो, मला शांत झोप लागावी म्हणून तुम्ही पाठवलेलं पक्ष्यांच्या आवाजांचं रेकॉर्डिंग मी अर्ध्या मिनिटात बंद केलं. तुम्ही रुसू नये म्हणून त्याचं कारण आजच लिहिते. काही वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी वळ गावी, माझ्या धाकट्या दिरांच्या घरी विश्रांतीला गेले होते. चारी बाजूंच्या गोदामांमध्ये त्यांचं एक शेत उरलं होतं, आणि तिथून पहाटे लावा पक्ष्यांचा आवाज यायचा. खिडकीशी पडून तो ऐकताना मला दुखण्याचा विसर पडायचा. पाचव्या दिवशी काठी टेकत मी बांधापर्यंत गेले. गवतात दिरांचा मोबाइल होता, त्याला जोडलेला छोटा स्पीकर तेच तीन सूर पुन्हा पुन्हा काढत होता, आणि शेजारच्या जाळ्यात, त्या आवाजाला भुलून आलेले दोन लावे स्वतःच्याच विष्ठेत फडफडत होते. "भावजी, सोडा त्यांना, आत्ताच्या आत्ता!" मी ओरडले. दीर हसले. "वहिनी, चार दिस त्यांचाच रस्सा पिताय तुमी. तवा न्हाय किळस आली?" जाऊबाईंनी तो मला कोंबडीचा म्हणून वाढला होता. मी तिथेच बांधावर ओकले, आणि मग काठीने जाळं उपटलं. एक लावा उडाला. दुसऱ्याचा पाय तुटलेला होता. आता त्या शेतावरही गोदाम आहे. दीर गेले, लावे गेले. तो आवाज मात्र दिरांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये अजून आहे.