पाठीवरचे आवाज

इंदूबाई आणि तिचा नवरा रुपराव यांचं भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं, त्याला तीस वर्षं तरी झाली असतील. रुपराव आमच्या जरीपटक्याहून शेअर ऑटोनं कामठीला पॉवरलूमवर जायचा आणि संध्याकाळी भुवयांवर कापूस घेऊन परतायचा.

"अजी, कामावर तोंडाले फडकं बांधत जा ना!"

"तोंड बांधून बुद्धवंदना कशी म्हणू? तिथंच माही प्रॅक्टिस होते."

"त्या खडखडाटात कोण आयकते तुमची वंदना?"

"कोणी नाही आयकत, म्हणून तर मोठ्यानं म्हणतो वं."

इंदूबाई हरली. आता ती नाही, आणि तो कापूस रुपरावच्या फुप्फुसात जाऊन बसला.

आमच्या घरासमोरच्या विहारात दर रविवारी वंदना होते. रुपराव सगळ्यांच्या पुढे, मूर्तीकडे तोंड करून बसायचा. तो एक ओळ म्हणायचा, मागची पन्नास-साठ माणसं तीच ओळ म्हणायची. मला म्हणायचा, "बाई, तो आवाज पाठीवर येते ना, तवा खोकलाही लाजून गप बसते."

पुढं डॉक्टरांनीच त्याला चारचौघांत मास्क लावायला सांगितलं. करोनात सगळ्यांनी तोंडं बांधली, तेव्हा हा बाप्पा मनातून खूश. विहार उघडल्यावर मास्क लावूनच वंदना सांगायचा. "आता समदे माह्यासारखेच," म्हणे.

मग दोन हजार बावीसच्या एप्रिलात सरकारनं मास्कची सक्ती काढली. पुढच्या रविवारी सगळी तोंडं उघडी, बांधलेलं एकट्याचं. कमिटीतला अश्विन म्हणाला, "काका, सरकारनंच काढलं, तुम्ही काहून बांधून राहिले?"

"सरकारची फुप्फुसं चांगली हायेत गा."

सगळे हसले. हसता हसता दोघंतिघं खोकलेही. चौथ्या दिवशी रुपराव दवाखान्यात. आठ दिवस ऑक्सिजन. सुटताना डॉक्टरांनी बजावलं, गर्दीत बसायचं नाही. आता रविवारी वंदना अश्विन सांगू लागला.

रुपरावनं मग शनिवारची दुपार धरली. विहाराची किल्ली माझ्याकडे असते. तो किल्ली न्यायचा, ओल्या फडक्यानं मूर्ती पुसायचा, रविवारसाठी माठ भरून ठेवायचा. मग दार उघडं टाकून पुढे बसायचा, मास्क काढायचा आणि वंदना म्हणायचा. एकदा मी उंबऱ्याबाहेरूनच शेवटी "साधु, साधु, साधु" म्हटलं. तो वळला.

"कोण, बाई? बरं केलं. पण एकोणसाठ आवाज कमी पडले."

हसला, पण डोळे भरले होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. बुद्ध पौर्णिमेच्या आधी मी अश्विनला गाठलं. म्हटलं, "अर्धा घंटा समद्यांनी तोंड बांधलं तर काही मरत नाही कोणी. रुपराव पुढं बसल." पोरगं चांगलं. त्यानं मास्कचा डबा आणून दारात ठेवला.

पौर्णिमेला रुपराव पांढरी पँट-शर्ट कडक इस्त्री करून आला. दारात उभा राहून त्यानं आत पाहिलं. निम्म्यांनी मास्क लावले होते, निम्म्यांचे हनुवटीवर, दाढीला टोपी घातल्यासारखे. उन्हाळाच तसा होता, दोष तरी कोणाला देऊ? अश्विन ओरडला, "वर करा ना बे!" पुढच्या चौघांनी केले.

रुपरावनं दारातूनच हात जोडले. "तूच सांग गा अश्विन, मी बाहेरून आयकतो."

खिडकीखाली उभा राहून तो सगळ्यांबरोबर वंदना म्हणत होता. पण आवाज भिंतीतून येत होता, पाठीवर नाही.

भादव्यातला तो शनिवार त्याचा शेवटचा. आम्हाला काय ठाऊक! किल्ली घेतली. रस्ता ओलांडताना दोनदा थांबला. मूर्ती पुसली, माठ भरला, अर्धा अर्धा लोटा करत. मग पुढे बसून वंदना म्हटली. प्रत्येक ओळीनंतर नेहमीसारखा थांबला, मागच्यांना म्हणायला वेळ देऊन, मग पुढची ओळ. संपल्यावर मास्क चढवला, कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"माठ भरला, बाई. सकाळी अश्विनले सांगजा, झाकण नीट ठेव म्हणा."