दाखले खाणारा कॉम्प्युटर

दिवाळीच्या तोंडावर दिंद्रुडकडच्या एका शाळेतून फोन आला, की कॉम्प्युटर दाखले खातोय. दुरुस्तीवाला म्हणून मी गेलो. फाईलचं नाव जागेवर होतं, आत मात्र एकही अक्षर नव्हतं. स्टाफने निदान आधीच केलेलं: दसऱ्याला सगळ्या मशिनींना झेंडूचा हार घातला, यालाच राहिला.

हेडक्लार्क सेव्हचं बटण दाबायचे आणि लगेच भिंतीवरचा खटका पाडायचे, पंखा बंद करावा तसा. मी विचारलं, "भाऊसाहेब, रीतसर बंद कावून करत न्हाई?"

"त्याला लई टाईम लागतो."

मग मीही दोन दिवस घड्याळ घेऊन तोच खटका पाडत बसलो, तेव्हा चोर सापडला. डिस्कवर फायली ठेवणाऱ्या फाईल सिस्टीममध्येच खोट होती. ती फाईलमधला जुना मजकूर आधी पुसायची, 'सेव्ह झालं' म्हणून मोकळी व्हायची आणि नवा मजकूर अर्ध्या मिनिटानं निवांत लिहायची. तेवढ्यात खटका पडला, की जुनंही गेलं आणि नवंही.

घसा कोरडा होईस्तोवर मी हे समजावून सांगितलं. हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, "मग यात बिघाड कुठं हाय? वरून फोन आला की आमी बी आधी 'झालं' म्हणतो, मग करतो."

माझं डोकंच फिरलं. "हा कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात करतो तरी, भाऊसाहेब! माझ्या पोरीचा दाखला तुमी जूनमध्येच 'झाला' म्हणून सांगितलाय."