पप्पांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी

"सुई घेतली तरी मला कळंल," पप्पा मामाला सांगत होते. कराडच्या स्टँडवर पनवेलची गाडी लागली होती, मी खिडकीशी बसले होते आणि मामा खालून विचारत होता, "दाजी, पोरगी एकटी चाललीय, पैशाचं काय?"

"प्रीपेड कार्ड दिलंय. दर महिन्याला मी भरणार. नंबर माझा घातलाय."

मला वाटलं, किती काळजी. मम्मी डोळे पुसत होती म्हणून मीही पुसले.

आता करंजाडेत राहते. न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या मालाची कागदपत्रं बघणाऱ्या ऑफिसात आहे. पगार कराडच्या जॉइंट खात्यात जातो, त्यातले थोडे पप्पा कार्डात भरतात. ऑनलाइन काहीही घ्यायचं तर ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. मग मी फोन करायचा. ते आपल्या चष्म्याच्या दुकानात, समोर गिऱ्हाईक. "थांब, वाचतो," म्हणत एकेक आकडा सांगायचे आणि शेवटी, "कशाला गं?"

कुर्ता, चादर, वाढदिवसाचा केक. इथपर्यंत सांगता येतं. पण आतले कपडे घेताना मी "घरात लागणारं" म्हणायची आणि पलीकडे कुणीतरी खोकायचं. हळूहळू मी मागवणंच सोडलं. इथल्या बाल्कनीतून दूरवर हायवेचे ट्रेलर दिसतात. सगळे कुठे ना कुठे निघालेले, आणि मी शाम्पू संपला तरी गप्प.

शेजारच्या टेबलावरच्या उरणच्या वैशालीने हे फोन ऐकले होते. "गो, तू पगार घेतेस का पॉकेटमनी?" ती म्हणाली. "आमी दर्यावरची मानसं, पन आमच्या आईला पन एवढा हिशोब नाय द्यावा लागत." मी हसले.

पाळीच्या दुखण्यासाठी डॉक्टरची वेळ घ्यायची होती. फी आधी ऑनलाइन भरायची. ओटीपीसाठी फोन लावला.

"कसला दवाखाना?" पप्पांचा आवाज वर गेला. दुकानातली बोलणी थांबल्याचं मला इथे ऐकू आलं.

"चुकून दाबलं गेलं," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मग पोटाला गरम पाण्याची पिशवी बांधून अख्खा रविवार पडून राहिले.

ऑफिसात बँकेची मुलगी आली तेव्हा क्रेडिट कार्डासाठी मी सही केली. सोपं नव्हतं. प्रीपेडमध्ये असतील तेवढेच जातात, त्यात एक सुरक्षितपणा आहे. क्रेडिट म्हणजे आधी खर्च, मग बिल, आणि तारीख चुकली की व्याज. "दुसऱ्याच्या पैशानं आपण चष्म्याची काचसुद्धा पुसत नाही," हे पप्पांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. कार्ड आलं, आणि मी ते कपाटात टॉवेलांखाली ठेवलं, जणू चोरून आणलंय.

ज्यांनी घर सोडलंय त्यांना विचारावंसं वाटतं, तुम्ही घरी कशासाठी फोन करता? कारण कार्ड काढायला टॉवेल उचलताना लक्षात आलं की आमचं सगळं बोलणं त्या आकड्यांवरच चाललं होतं. मधल्या एका क्षणात पप्पा "जेवलीस का?" विचारायचे. तेवढंच घर माझ्याकडे उरलं होतं, आणि त्यातच मला श्वास घेता येत नव्हता.

पुढचा महिनाही दुखण्यात गेल्यावर मी नव्या कार्डाने फी भरली. ओटीपी माझ्याच मोबाईलवर आला, कुणी काही विचारलं नाही. पनवेलच्या त्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसले होते. बायका आपापल्या घरच्यांबरोबर आल्या होत्या. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. मी पप्पांना फोन लावला.

"थांब थांब," ते म्हणाले. "अजून आला नाही गं मेसेज."

"येणार नाही, पप्पा. मी माझं कार्ड घेतलंय. दवाखान्यात बसलेय. कशासाठी ते सांगते, पण आधी तुम्ही दुकानाच्या बाहेर या."