वेर्नाचं डावं

वेर्ना ह्रिंकीव जन्मभर मागे उभी राहिली. हे तिच्या तोंडावर कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याला बुटांसकट फाटकाबाहेर काढलं असतं, पण खरं ते खरं.

तशी बाई काही मागे राहणाऱ्यातली नव्हती. चौदाव्या वर्षी ती गव्हानं भरलेला ट्रक रेल्वेच्या कोठारापर्यंत चालवत न्यायची. कॅनडातल्या कॅनोराच्या पलीकडच्या तिच्या गावात लग्न कुणाचंही असो, हॉलच्या स्वयंपाकघरात हुकूम तिचा. कोबीच्या पानात भात गुंडाळायला बसलेल्या बायकांपैकी एकीची गुंडाळी सैल दिसली, की सगळ्यांसमोर सोडून परत करायला लावायची. पण तिच्या नवऱ्याचा, ओरेस्टचा, ट्रेलर निघाला की वेर्नाची जागा एकच. सुगी उरकली की ते चाकांवरचं घर पिकअपच्या मागे जोडायचं, सस्कॅचवानच्या थंडीला पाठ दाखवायची आणि खाली ॲरिझोनात, यूमाच्या उन्हात जाऊन बसायचं, हा दोघांचा कित्येक वर्षांचा नेम. गाडी चालवणार ओरेस्ट. मुक्कामाला पोचल्यावर ट्रेलर मागे घ्यायची वेळ आली की खाली उतरणार, मागे उभी राहणार आणि हात हलवून ओरडणार ती वेर्ना.

सगळी गोम तिथंच होती. वेर्ना ट्रकला पाठ करून उभी राहायची. धडक बसणार ती मागच्या झाडाला, मग बघायचं कशाकडे? झाडाकडेच ना? त्यामुळे वेर्नाचं डावं ते ओरेस्टचं उजवं.

"डावीकडे! डावीकडे घे!"

"कुणाचं डावं?"

"माझं!"

"मग तसं सांग ना, बाई!"

यूमाच्या पार्कातले, म्हणजे असल्या चाकांवरच्या घरांच्या तळावरचे लोक यांचा ट्रेलर येताना दिसला की खुर्च्या बाहेर टाकून, बिअर उघडून बसायचे. एका वर्षी ओरेस्टनं पार्कातला पाण्याचा नळ मुळासकट उपटला. त्यानंतर दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत, जे काही सांगायचं ते कुत्र्याला सांगायचे. आपण जरा तोंड फिरवून उभं राहावं असं वेर्नाला कधी वाटलं नाही, आणि तिचं डावं कुठलं हे एकदाचं पाठ करून टाकावं असं ओरेस्टलाही वाटलं नाही.

या जानेवारीत त्याच पार्कात पत्ते खेळता खेळता ओरेस्टच्या हातातली पानं गळून पडली. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. विमानानं त्याला परत आणलं, ट्रेलर तिथंच राहिला, हॉस्पिटल झालं, आणि आता तो घरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसून असायचा. बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला होता. "च्यायला."

चहा दिला, च्यायला. उशी सारखी केली, च्यायला. चर्चमधले फादर आशीर्वाद द्यायला आले, त्यांनाही च्यायला. फादर भला माणूस, म्हणाले, "असू दे, भावना पोचली." हॉस्पिटलातली बोलायला शिकवणारी मुलगी दर आठवड्याला यायची. ती म्हणाली, "मावशी, रागाचे शब्द डोक्यात वेगळ्या जागी असतात, म्हणून तेवढे वाचले. बाकीचे खणून काढायला लागतील. पण काकांनी तोंड उघडायला हवं. हे पहिले महिने असेच गेले तर मग फार अवघड होईल."

ओरेस्ट तोंड उघडायला तयार नव्हता. ती पोर कपाचं चित्र दाखवायची, बुटाचं दाखवायची, हा आपला खिडकीबाहेर बघायचा. बाहेर शेड होती, गॅसची लांबलचक पांढरी टाकी होती, आणि दोन्हींच्या मधे ट्रेलरची रिकामी जागा होती. हळूहळू 'च्यायला' पण कमी झालं. तेव्हा मात्र वेर्ना घाबरली. ज्याच्याशी सगळा जन्म भांडण्यात गेला तो माणूस समोर मुका बसलेला तिला बघवत नव्हता. भांडी घासताना ती मधेच नळ बंद करायची आणि कान देऊन ऐकायची, मागून काही आवाज आला का म्हणून.

एका सकाळी ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "ट्रेलर हवाय ना तुला? आणते मी."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिला तेवढं पुरलं.

ओरेस्टचा धाकटा भाऊ नेस्टर शेजारच्याच शेतावर राहायचा. अंगणातला बर्फ ट्रॅक्टरनं ओढायला तो रोज यायचा आणि ओढून झालं की टेबलाशी ठाण मांडून बसायचा. त्याला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला.

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? ऐन फेब्रुवारीत? तिथंच विकून टाक म्हणतो मी. आता कोण जाणार आहे यूमाला?"

"मी विकायचं का विचारलं तुला?"

"मग मी जातो आणायला. माझा पिकअप आहे की."

"तुझा पिकअप पोस्टापर्यंत जायचा तर रस्त्यात दोनदा धक्का मागतो. पोळी खा आणि गप्प बस."

ती स्वतःच गेली असती. ट्रक चालवणं तिला नवं नव्हतं. पण ओरेस्टला कुणाच्या भरवशावर टाकणार? नेस्टरच्या? तो त्याला सकाळ-संध्याकाळ डबाबंद मासळी घालेल. तेव्हा पैसे देऊन दुसऱ्याकडून ओढून आणायचा, हे तिनं नक्की केलं.

पहिला ट्रेलरवाला फोनवर इतका गोड बोलला की तिला शंकाच आली. दुसरा म्हणाला, आधी सगळे पैसे, मग पुढचं बोला. तिसरा नंबर तिला दुकानातल्या फळ्यावर सापडला. एब फ्रीझन नावाचा, स्विफ्ट करंट गावाकडचा, मेनोनाइट पंथाचा माणूस. त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून बादली ओढायची. बोलता बोलता सूर्यफुलाच्या बिया चावल्याचा आवाज येत होता.

"टायर कुठल्या सालचे?" त्यानं विचारलं.

"दोन वर्षांपूर्वीच बदललेत."

"नळात गुलाबी औषध घातलंय?"

ट्रेलर उन्हातून थंडीत यायचा तर नळातलं पाणी गोठून पाइप फुटतील. हे यूमात बसलेल्यांना सुचणार कसं? वेर्नानं लगेच पार्कातल्या शेजारणीला फोन लावला, औषध आणायला लावलं, आणि ते घालून झालं का हे विचारायला पुन्हा दोनदा लावला. शेजारीण वैतागून म्हणाली, "अगं, आता उरलेलं मी पिऊ का?"

एबचा शेवटचा प्रश्न मात्र आधीच्या दोघांनी विचारलाच नव्हता. "ठेवायचा कुठे?"

"शेड आणि गॅसच्या टाकीच्या मधे. दोन्हीकडे हातभर जागा सुटते."

"मागे कोण उभं राहणार?"

"मी," वेर्ना म्हणाली.

"बरं. एक ट्रेलर खाली न्यायचाय मला. येताना तुमचा आणतो."

ठरलं. एब यूमाला पोचला, ट्रेलर जोडला आणि निघाला. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "नेवाडा. ठीक आहे." दुसऱ्या दिवशी, "यूटा. ठीक आहे." बस्स. फोन खाली ठेवून वेर्ना करवादायची, "एक नवरा बोलत नाही. आणि दुसरा पैसे मोजून आणला, तर तोही मेला बोलत नाही!" पण तेवढ्या दोन शब्दांचं पुराण करून ती ओरेस्टला सांगायची. ट्रेलर आज अमक्या घाटातून आला, तमक्या ठिकाणी थांबला, आकाश असं होतं, रस्ता तसा होता. ओरेस्ट तिच्या ओठांकडे बघत ऐकायचा. संध्याकाळ झाली की त्याची नजर खिडकीवरून फोनवर यायची.

मग फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रेडिओ सांगत होता, मोंटानात वादळी वारा आहे, मोठ्या गाड्या उलटल्यात, रस्ते बंद आहेत. तिनं एबचा नंबर लावला, लागला नाही.

नेस्टर दारात बूट झटकत म्हणाला, "वहिनी, तुझा ट्रेलर एव्हाना मेक्सिकोत पोचला असेल. त्यात बसून तुझा मेनोनाइट शेंगदाणे खातोय."

"सूर्यफुलाच्या बिया," वेर्ना म्हणाली. एरवी तिनं त्याला लाटणं दाखवलं असतं. आज तिनं पुन्हा एबचा नंबर फिरवला.

त्या संध्याकाळी ओरेस्टनं फोनकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. "आयडाहोत आहे," ती म्हणाली. धडधडीत खोटं. "हवा छान आहे म्हणाला." ओरेस्टनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान खिडकीकडे फिरवली. त्याला कळलं होतं. त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी बोलायला शिकवणारी मुलगी आली तर डोळे मिटून पडून राहिला. वेर्नाला स्वतःचाच राग आला. आशा लावून ठेवली होती तिनं, आणि ती मोडली तर हा माणूस पुन्हा मान वळवणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

दुपारी फोन वाजला. "एब. मोंटाना. वारा होता. थांबलो."

"अहो मग एक फोन करायला काय धाड भरली होती?" वेर्ना किंचाळलीच.

"तारा तुटल्या होत्या, बाई." बिया चावल्याचा आवाज. "उद्या बॉर्डर. परवा तुमच्याकडे."

वेर्नानं फोन ठेवला. मग ती ओरेस्टकडे गेली. "आता खरं सांगतेय," ती म्हणाली. "परवा येतोय."

तो आला तेव्हा भर दुपार होती, ऊन लखलखीत आणि थंडी उणे तीसची. ट्रेलर मिठानं आणि चिखलानं इतका माखला होता की मूळचा रंग कळत नव्हता. एब उतरला. बुटका, रुंद माणूस, मिशीवर बर्फ. मागचा कॅमेरा गोठलेला, आरशांवर मिठाची खपली. नेस्टरनं अंगण दोनदा साफ केलं होतं, तरी दोन्ही बाजूंना कमरेएवढे ढीग होते.

वेर्ना कोट चढवून दाराशी पोचली तेवढ्यात मागून ठक ठक ठक आवाज आला. ओरेस्ट डाव्या हातानं खिडकीची काच बडवत होता.

"या थंडीत कुठे नेतेस त्याला?" नेस्टर म्हणाला.

"पांघरूण आण. दोन आण. आणि ढकल खुर्ची."

दोन रजया, कानटोपी आणि त्यावर मफलर गुंडाळून त्यांनी त्याला व्हरांड्यात आणून बसवलं. फक्त डोळे आणि नाक दिसत होतं.

वेर्ना आपल्या जागेवर गेली. ट्रेलरच्या मागे, जरा बाजूला, ट्रकला पाठ, रिकाम्या जागेकडे तोंड. तिनं हात वर केले. "येऊ द्या! येऊ द्या... येऊ द्या..." बर्फ करकरत ट्रेलर मागे येऊ लागला. त्याचं बूड टाकीकडे झुकायला लागलं तशी ती ओरडली, "डावीकडे! डावीकडे घ्या!"

एबनं आपल्या डावीकडे घेतलं. बूड आणखीच टाकीकडे आलं.

"अहो डावीकडे! डावीकडे म्हणते ना!"

आणि व्हरांड्यातून, मफलरच्या आतून, खरखरीत आवाज आला. "च्यायला! कुणाचं डावं?"

एबनं ब्रेक दाबला. वेर्नाचे हात वरच राहिले. नेस्टर तोंड उघडं टाकून भावाकडे बघत राहिला.

"माझं!" वेर्ना ओरडली. तिचा आवाज चिरकला.

"मग... तसं..." तो अडकला. गाल हलत होता, जीभ वळत नव्हती. "तसं सांग ना, बाई!"

तिला रडू फुटलं. उणे तीसमध्ये रडू नये, पापण्या चिकटतात, हे त्या गावातलं शेंबडं पोरही जाणतं. वेर्ना रडली. हातमोज्यानं डोळे पुसले आणि पुन्हा हात वर केले.

एबनं काच खाली करून विचारलं, "कुठलं, बाई?"

"माझं! माझं डावं!"

ट्रेलर पुढे गेला, पुन्हा मागे आला आणि शेड आणि टाकीच्या मधोमध अलगद जाऊन बसला. नेस्टरनं टाळ्या वाजवल्या. एबनं दार उघडून एक पाय खाली टाकला.

"उतरू नका," वेर्ना म्हणाली. "वाकडा लागलाय."

"वाकडा?" नेस्टर म्हणाला. "वहिनी, दोरी लावून बघ, तसूभर फरक नाही."

"मागे मी उभी आहे का तू? पुढे घ्या हो, एब. परत एकदा."

एबनं तिच्याकडे पाहिलं. मग व्हरांड्याकडे पाहिलं. खिशातून मूठभर बिया काढून तोंडात टाकल्या, पाय आत घेतला, दार लावलं आणि मुकाट्यानं ट्रेलर बाहेर ओढला.

वेर्नानं पुन्हा ट्रकला पाठ केली. टाकी तिच्या उजव्या हाताला होती, आणि हे तिला तिच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. "येऊ द्या... येऊ द्या... माझ्या उजवीकडे घ्या! उजवीकडे!"

"टाकी!" ओरेस्ट ओरडला. रजई त्याच्या खांद्यावरून घसरली. "टाकी... आहे तिथं! आंधळे!"

टाकी. हा शब्द त्यांच्या जुन्या भांडणातला नव्हता. तो त्यानं आत्ता, कुठून तरी खणून काढला होता. कुणी 'थांबा' म्हणायच्या आधीच एबनं ट्रक थांबवला होता.

"टाकी दिसतेय मला!" वेर्ना ओरडली. आता ती ट्रककडे नाही, टाकीकडे नाही, थेट व्हरांड्याकडे तोंड करून उभी होती. "आणखी काय काय दिसतंय ते सांग!"

ओरेस्टनं अंगणभर नजर फिरवली. "शेड," तो म्हणाला. मग बराच वेळ थांबला. "बर्फ." मग खुर्चीमागे उभ्या असलेल्या भावाकडे मान वाकडी करून पाहिलं. "नेस्टर. गाढव."

"हो दादा," नेस्टर म्हणाला आणि टोपी काढून त्यानं तिच्यात तोंड लपवलं.

एब खिडकीतून वेर्नाकडे बघत होता. तिनं हात वर केले, आणि त्यानं ट्रक पुन्हा एकदा पुढे घेतला.