मावसाजींचा आक्षेप

माझ्या मावसाजींनी जन्मात एकही गोष्ट आक्षेप नोंदवल्याशिवाय स्वीकारली नाही. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. आम्ही वऱ्हाडाकडची माणसं त्यांना असंच म्हणतो. उभी हयात रेल्वेच्या लेखा कार्यालयात दुसऱ्यांची बिलं अडवण्यात घालवून ते रायपूरलाच निवृत्त झाले आणि अडवायला बिलं उरली नाहीत म्हणून जगाला अडवू लागले. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ‘अच्छी तरह हिलाएँ’ असं छापलेलं असे, तर बाटली हातात धरून ते विचारत, “अच्छी तरह म्हंजे किती? हे यायनं लिहाले नको?” स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी भटजींच्या घड्याळावर आक्षेप घेतला होता, कारण ते रेल्वेच्या घड्याळापेक्षा पुढे होतं. अंतरपाटापलीकडे मावशीला हसू आवरेना. “तवाच समजलं मले,” ती सांगायची, “का या माणसासंगं दिवस काई कंटाळ्यात जायचे नाहीत.”

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि नव्या कार्यालयांपैकी एकात नोकरी लागून मी अमरावतीहून त्यांच्या घरी राहायला आले, तेव्हा मावसाजींच्या आक्षेपांचा सुवर्णकाळ चालू होता. घर चौबे कॉलोनीच्या मागच्या बाजूला, बैठं, पुढे पडवी. दरवर्षी महापालिकेचं संपत्ति कराचं, म्हणजे घरपट्टीचं, बिल आलं की मावसाजी कपाटातून मोजपट्टी काढत. तिचं एक टोक मला धरायला लावत आणि पडवी मोजत. मग शर्टाचं अगदी वरचं बटण लावून पालिकेत जात. तिथला बाबू त्यांना लांबून पाहूनच खुर्ची पुढे सरकवायचा. “आइए बाबूजी, इस साल किस बात पर आपत्ति है?” आपत्ति म्हणजे तिकडच्या सरकारी हिंदीतला आक्षेप. मावसाजींना तो शब्द फार आवडे. हळूहळू सगळी कॉलनी त्यांच्याकडे शिकवणीला येऊ लागली. कोणती भिंत मोजायची नाही, छज्जा कशात धरतात, पैसे भरण्याआधी हरकत कशी नोंदवायची, सगळं ते फुकट सांगत. कुणी नवं घर घेत असेल तर त्यांचा सल्ला ठरलेला असे: “घर बाईच्या नावानं घे भैया. रजिस्ट्रीत सूट भेटते.” सूट म्हटल्यावर कोण मागे राहतं? कॉलनीतली बहुतेक घरं बायकांच्या नावावर झाली आणि पेढे वाटून झाल्यावर नवरे ती गोष्ट विसरूनही गेले. मावसाजींचं स्वतःचं घर तर केव्हाचंच मावशीच्या नावावर होतं, त्यांच्या आक्षेपांवर सहीही तिचीच असे.

असा हा माणूस आयुष्यात पुस्तक म्हणून कधी वाचत नसे. “जे झालंच नाही ते वाचून काय करू?” असा त्यांचा सवाल. वाचायची ती मावशी. पाण्याच्या टाकीखाली पालिकेचं एक छोटं वाचनालय होतं. पुढच्या खोलीत परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली दाटीवाटीनं बसलेली असत आणि मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, जुन्या रेल्वेवाल्या मराठी कुटुंबांनी दिलेल्या पुस्तकांचं. त्या कपाटाला मावशी आपलं माहेर म्हणायची. सदर बाजारात सोनं मिळे, जरीची पातळं मिळत, पण मराठी कादंबरी अख्ख्या बाजारात मिळत नसे. जे काय होतं ते त्या कपाटात.

मग मावशीचे डोळे गेले. काचबिंदू होता, आणि कळला तो उशिरा. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्यावर मावसाजींनी त्यांच्याशीही वाद घातला. कोणत्या आधारावर म्हणता, लिहून द्या, म्हणाले. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं लिहून दिलं. तो कागद खिशात घालून मावसाजी घरी आले ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, भाजीवालीशीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते मावशीला हाताला धरून वाचनालयात घेऊन गेले. तिनं कपाटातल्या पुस्तकांवरून बोटं फिरवली, एक जाडसं निवडलं आणि घरी येऊन पडवीत मावसाजी ते मोठ्यानं वाचू लागले.

ते वाचन ऐकायला हवं होतं. नोटीस वाचावी तसं ते कादंबरी वाचत. आरंभ मुखपृष्ठापासून. मग प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत.

“अहो, पुढं जा नं,” मावशी म्हणायची.

“हेबी छापलंच आहे नं त्यायनं? काहून सोडू?”

गोष्ट सुरू झाली की आक्षेप सुरू. नायकानं तडकाफडकी नोकरी सोडली की हे पुस्तक मिटून बसत. “याच्या पेन्शनीचं काय? राजीनामा मंजूर झाला का नाही, कुठंच लिहिलं नाही!” नायिका पावसात घराबाहेर पडली की घर कुलूपबंद केल्याचा उल्लेख ते मागे जाऊन शोधत. मावशी हसून हसून पदर डोळ्यांना लावायची. पण मधे पान सुटलेलं तिला चालत नसे आणि त्यांनाही. संध्याकाळी कामावरून येताना फाटकापाशीच तो एकसुरी आवाज कानावर यायचा आणि मी तिथेच थोडी थांबायची. इतकं प्रेमानं कुणी कुणाला नोटीस बजावलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

मावशीनं डोळ्यांचं कॉलनीत कळू दिलं नव्हतं. तिला कुणाची कीव नको होती. ती मावसाजींचा हात धरून चालायची, आणि म्हातारपणी या दोघांचं प्रेम उतू चाललंय म्हणून लोक गालात हसायचे.

अशात एके दिवशी वाचनालयाच्या दारावर सूचना लागली. वाचनालयाचा खर्च पालिकेला झेपत नाही. कॉलनीतले घरमालक संपत्ति करासोबत थोडा जास्तीचा कर द्यायला राजी असतील तरच ते चालेल, नाहीतर बंद. टाकीखालच्या त्या जागेवर राजधानीच्या तेजीत किती जणांचा डोळा होता ते सांगायला नको. रविवारी सकाळी पार्षद, म्हणजे तिकडचे नगरसेवक, सभा घेणार होते. एका घराला एक मत.

मावसाजींनी ती सूचना वाचली आणि त्यांच्या तोंडून आक्षेपाचा शब्दही निघाला नाही. घरी आले, वरचं बटण लावलं आणि घरोघर फिरायला निघाले. कर द्या, म्हणून सांगायला! आयुष्यभर मांसाहाराविरुद्ध कीर्तन केलेल्या बुवांनी मटणाचं दुकान टाकावं तसं लोकांना झालं. मीही सोबत होते. प्रत्येक दारात त्यांचाच एकेक शिष्य उभा आणि प्रत्येकाच्या तोंडी त्यांचीच शिकवण. “मौसाजी, आपने ही तो सिखाया था, पहले आपत्ति, फिर भुगतान.” सगळ्यात कडक विरोध शेठजींचा. त्यांची उरला नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत लोखंडाची रोलिंग मिल होती आणि आमच्या गल्लीत सगळ्यांत मोठं घर. माणूस वाईट नव्हता. हात जोडून म्हणाले, “मेरे बच्चे तो बाहर बस गए. ये लाइब्रेरी किसके लिए चलाऊँ, आप ही बताइए.”

आता तरी सांगतील, असं मला वाटलं. मावसाजी म्हणाले, “नियमानुसार सार्वजनिक हित में है,” आणि पायऱ्या उतरले.

रस्त्यात मी चिडले. “मावशीच्या डोळ्यांचं सांगा नं त्यांना! एका मिनिटात तयार होतील.”

“ते आपल्या घरातलं दुखणं आहे, पोट्टी,” ते म्हणाले. “दुखणं दाखवून मत मागत नसतात.” थोडं चालून गेल्यावर हळूच म्हणाले, “कपाट गेलं तर तिले काय वाचून दाखवू मी? रेल्वेचं टाइमटेबल?” ते हसले, पण मला हसता आलं नाही.

रविवारी टाकीखाली शामियाना पडला. समोर पुरुष, मागे खुर्च्यांवर थोड्या बायका, त्यांत मी आणि मावशी. बाकीच्या घरी स्वयंपाकात. पार्षदांनी विचारलं, कर नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा. समोर हातांचं रान उठलं. संपलंच सगळं. पार्षद कागदावर सही करणार इतक्यात मावसाजी उभे राहिले.

“आपत्ति!”

शामियाना हसला. पालिकेचा बाबूही हसला. मावसाजी हसले नाहीत. “सूचना में लिखा है, घरमालक. जिसके नाम घर, हाथ उसका. ये सब किसके हाथ हैं?”

“हम ही तो मालिक हैं!” शेठजी म्हणाले.

“रजिस्ट्री निकालिए.”

पार्षदांनी सूचना पुन्हा वाचली, बाबूच्या कानाशी लागले आणि मान खाली घालून म्हणाले, “बात तो बाबूजी की सही है.” मग काय विचारता. पुरुष घराकडे धावले आणि कॉलनीतल्या बायका येऊ लागल्या, कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या केसांना टॉवेल. मी मावसाजींकडे पाहिलं. ते घामानं थबथबले होते. बायका कुठल्या बाजूनं जातील याचा त्यांनाही पत्ता नव्हता. नियम तेवढा ठाऊक होता.

बाबू करपावतीवरची नावं वाचू लागला. कित्येकींनी नवऱ्याकडे पाहून ‘नहीं’ म्हटलं. काहींनी नवऱ्याकडे पाहिलं आणि ‘हाँ’ म्हटलं. शेठाणींचं नाव आलं. भारी साडी नेसलेली ती अबोल बाई उठली आणि हात वर करून म्हणाली, “हाँ. दोपहर में मैं वहीं बैठती हूँ. वहाँ मुझसे कोई चाय नहीं माँगता.” शेठजी आपल्या बायकोला पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघत राहिले.

मग मावशीचं नाव आलं. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उठली, पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली. पण तिचं तोंड टाकीच्या खांबाकडे होतं. तिकडेच पाहून ती म्हणाली, “पार्षदसाहेब कोणत्या बाजूले बसले आहेत?”

पुढच्या रांगांतल्या माना वळल्या. सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं. मी तिला वळवायला हात पुढे करणार तोच मावसाजी समोरच्या रांगेतून आले. मत चालू असताना मतदाराला दुसऱ्या कुणी हात लावला असता तर त्यांनी हमखास आक्षेप घेतला असता. त्यांनी मावशीचे दोन्ही खांदे धरून तिला टेबलाकडे वळवलं आणि दूर होऊन उभे राहिले. मावशीनं हात वर केला आणि बाबूनं लिहून घेतलं तरी कितीतरी वेळ खाली घेतला नाही.

ते पाहून पुढच्या बायकांचं मन वळलं असं मी म्हणणार नाही. त्यातही काही ‘नहीं’ होतेच. पण वाचनालय वाचलं, थोडक्यात वाचलं. दुसऱ्या दिवशी शेठजी आमच्या पडवीत हजर. “मौसाजी, इस नए टैक्स पर आपत्ति कैसे लगती है?” मावसाजींनी त्यांना मुद्देसूद हरकत लिहून दिली, ती टिकणार नाही हेही सांगितलं आणि मावशीनं चहा दिला.

त्यानंतर काही वर्षं पडवीतला तो आवाज चालू राहिला. कपाटातली पुस्तकं संपली तशी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि जुन्या नायकांवर नवे आक्षेप निघाले. मग एका हिवाळ्यात मावशी गेली. पुस्तक अर्धं राहिलं होतं. मला वाटलं, आता मावसाजी वाचनालयाची पायरी चढणार नाहीत. पण ते रोज दुपारी जातात. मागच्या खोलीत कपाटाजवळच्या खुर्चीत बसतात आणि त्याच नोटिशीच्या सुरात, जरा हळू, पण मोठ्यानंच वाचतात. त्यांच्या डोक्यावर ‘शांति बनाए रखें’ अशी पाटी आहे. एका परीक्षावाल्या मुलीनं तक्रार केली तेव्हा वाचनालय सांभाळणाऱ्या दीदी तिकडच्या बोलीत म्हणाल्या, “हव, मोला पता हे,” म्हणजे हो, ठाऊक आहे मला, आणि त्या मुलीलाच पुढच्या खोलीत जागा करून दिली. मनातल्या मनात गोष्ट वाचायला मावसाजी कधी शिकलेच नाहीत.

मी आता वेगळी राहते. परवा त्यांच्याकडे गेले तेव्हा संपत्ति कराचं बिल आलेलं होतं. वर अजून मावशीचंच नाव. घर कुणाच्या नावावर करायचं ते सगळ्या कॉलनीला शिकवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या घराचं नामांतरण केलेलं नाही, म्हणजे मावशीचं नाव काढून आपलं लावलेलं नाही, आणि तो विषय मी काढत नाही. बिल माझ्यापुढे धरून ते म्हणाले, “हे पाय, पडवी जास्तीची मोजली यायनं.”

मला बरं वाटलं. आवाजात जुनी धार होती. मी उठून कपाटातली मोजपट्टी काढली. “मग नोंदवा नं आक्षेप, मावसाजी. मी धरते एक टोक.”

त्यांनी माझ्या हातातून मोजपट्टी घेतली, गुंडाळली आणि जागेवर ठेवून दिली. मग शर्टाचं वरचं बटण लावत म्हणाले, “कसा नोंदवू? आक्षेपावर मालकाची सही लागते.”

आणि बिल भरायला निघाले.