दुसरी आणि तिसरी पसंती

राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने आपलं मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायचं, असा बदल तेव्हा नुकताच झाला होता. विधान परिषदेच्या स्थानिक संस्था मतदारसंघात मात्र मतदान गुप्तच राहिलं. हा फरक समजावणारा मजकूर नाशिकच्या आमच्या दैनिकात मीच लिहिला. इथे मतदार असलेला नगरसेवक दबावाशिवाय मत देऊ शकतो, असं एक वाक्य त्यात होतं.

माझी थोरली बहीण तेव्हा तालुक्याच्या गावी महिला राखीव वॉर्डातून नगरसेविका होती. भाऊजी शिक्षक. ज्या संस्थेच्या शाळेत ते शिकवत, तिचे अध्यक्षच परिषदेचे उमेदवार होते. ताईचं मत कोणाला, हा प्रश्न घरात निघालाच नाही. धास्ती होती ती वेगळी. आपण दिलेलं मत अध्यक्षांच्या माणसांना दिसलं पाहिजे, नाहीतर भाऊजींची नोकरी धोक्यात.

मतदानाआधी नगरसेवकांना सहलीला नेण्याची रीत होती. दुसऱ्या बाजूने फोडू नये म्हणून हॉटेलात ठेवत, मोबाइल काढून घेत आणि तिथून बस थेट मतदान केंद्रावर आणत. या बसमध्ये पसंतीचा क्रम, म्हणजे मतपत्रिकेवर कोणापुढे एक, कोणापुढे दोन, कोणापुढे तीन लिहायचं ते, पाठ करून घेतला जाई. पहिली पसंती सगळ्यांची अध्यक्षांनाच. त्याखाली नावापुरते बरेच अपक्ष उभे केलेले असत आणि त्यांचा क्रम प्रत्येक मतदाराला वेगळा दिला जाई. मतपत्रिकेवर मतदाराचं नाव नसतं, पण मोजणीत तो क्रम दिसला की माणूस ओळखता येतो. क्रम दिसला नाही, तर तो माणूस फुटला, असं धरत.

ताईला दुसरी पसंती एका डॉक्टरांना द्यायची होती, तिसरी एका वकिलांना. शेजारी बसलेल्या वयस्कर नगरसेविकेला नेमकं उलट. तिला सगळे मावशी म्हणत.

“मला नातवंडांना धड हाका मारता येत नाहीत,” मावशी म्हणाल्या, “डॉक्टर-वकील कुठून ध्यानात राहायचे?”

“नवऱ्याचं नाव विसरलात तरी चालेल मावशी,” क्रम पाठ करून घेणारा अध्यक्षांचा कार्यकर्ता म्हणाला. “हे विसरायचं नाही.”

“त्यांचं नाव मी कधी घेतलंच नाही. विसरू काय?”

बस हसली. ताईही हसली. हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं, मत देऊन घरी आल्यावर. आवाज ओळखू येत नव्हता.

“अरे, पहिलं नीट दिलं. पुढचं उलटं झालं. डॉक्टरच्या जागी वकील. कागद पेटीत पडला आणि लक्षात आलं.”

“मत बाद होत नाही त्याने, ताई.”

“बाद नाही झालं म्हणून मी काय करू? ह्यांना काय सांगू?”

मी तिला धीर दिला. मावशींचा क्रम दोनदा निघेल, एक त्यांचा, एक तुझा, तेव्हा चूक अध्यक्षांच्या माणसांच्याच ध्यानात येईल. मला ते पटलेलं होतं.

मोजणी नाशिकला झाली. पत्रकारांना थोडा वेळच आत सोडत, पण त्या दिवशी कोणी हटकलं नाही. मी त्याच कार्यकर्त्याच्या मागे उभा राहिलो. त्याला क्रम तोंडपाठ होते. प्रत्येक मतपत्रिका वर धरली की त्याचे ओठ हलत. वकील, मग डॉक्टर, अशी एक मतपत्रिका आली. त्याने मान डोलावली. दुसरीची मी वाट पाहत राहिलो. अध्यक्षांच्या मतांचा गठ्ठा संपला. दुसरी आली नाही.

म्हणजे ती एक ताईची होती. मावशींनी मत अध्यक्षांना दिलंच नव्हतं. कार्यकर्त्याच्या हिशेबात मात्र मावशी चोख होत्या आणि ताई फुटली होती.

अध्यक्ष सहज निवडून आले. बातमी पाठवून मी तसाच ताईकडे गेलो आणि तिला हे सांगितलं. रात्री तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यकर्ता घरी आला. भाऊजी दारातच उभे राहिले.

“वहिनी, तुमचं मत काही दिसलं नाही.”

“दिलं होतं, भाऊ.”

“मग कुठं गेलं? वाटेत उतरलं का?”

त्याचा चेहरा हसरा होता. ताईने लिहिलेला क्रम सांगितला असता, तर ती सुटली असती आणि मावशींचं नाव त्याच क्षणी उघडं पडलं असतं. मी बोलायला पुढे सरकलो.

“तू पाणी आण आतून,” ताई मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. “घाबरले होते. काय लिहिलं, आठवत नाही.”

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

“आठवेल,” कार्यकर्ता म्हणाला. “साहेबांना घाई नाही.” चहा घेऊन तो गेला.

नोकरी गेली नाही. सुरगाण्याकडच्या शाखेत बदली झाली, कुटुंब न्यायची सोय नसलेल्या जागी. तिथे भाऊजी निवृत्तीपर्यंत राहिले. दर सोमवारी पहाटेच्या एसटीने जात. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ताई दाराला कडी लावत नसे.